चौदा एमबीची यादी

बोईसरला स्टेशनकडून एमआयडीसीत जाणाऱ्या रस्त्यावर माझं वेबसाइट बनवण्याचं लहानसं ऑफिस आहे. एक खोली, दोन कॉम्प्युटर, खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान. माकुणसारहून रोज येऊन-जाऊन करतो. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला मी एक गोष्ट टँकरवरून समजावून सांगतो, कारण इथल्या कारखानदाराला टँकर लगेच कळतो.

"बँडविड्थ म्हणजे तुमच्या नळाची जाडी. एका वेळी किती पाणी पडेल ते त्यावर. आणि डेटा ट्रान्सफर म्हणजे महिन्याचे ठरलेले टँकर. नळ कितीही जाड असला तरी टँकर संपले की नळ कोरडा."

मग कागदावर गुणाकार करून दाखवतो. एक पान किती जड, ते दिवसाला किती माणसं उघडतील, महिन्याचे दिवस किती. येईल त्याच्या किमान दुप्पट घ्या म्हणून सांगतो, कारण माणसं वेबसाइटवर थोडीथोडी येत नाहीत, एकदम लोटतात.

हे दुसऱ्यांना सांगणाऱ्या मी एका जुलै महिन्यात स्वतः ते केलं नाही, आणि त्यापायी एका मुलीची नर्सिंगची जागा गेली. तेवढंच असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पुढे मी जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही.

कोळगावच्या बाजूला एका संस्थेची नर्सिंगची शाळा आहे. डोंगरपट्ट्यातल्या मुली तिथे शिकतात. शाळेला वेबसाइट नव्हती. मी होऊन प्राचार्यबाईंना भेटलो आणि म्हणालो, फुकट करून देतो. त्या दिवसांत माझे वडील वारले होते आणि काहीतरी चांगलं काम हातून व्हावं असं वाटत होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, आपल्या पत्रकावर 'समाजकार्य' असा एक रकाना असावा असंही वाटत होतं.

तोपर्यंत प्रवेशाची यादी कशी पोचायची ते ऐकून मला हसू आलं होतं. शाळेचा कारकून यादीच्या चार-पाच प्रती काढायचा, त्यांवर गोल शिक्का मारायचा, पाकिटात घालायचा आणि पालघर डेपोत जाऊन डोंगराकडे जाणाऱ्या मुक्कामी गाड्यांच्या कंडक्टरांकडे द्यायचा. कंडक्टर शेवटच्या थांब्यावर चहाच्या टपरीवाल्याला पाकीट द्यायचा, टपरीवाला कणकेची खळ लावून यादी भिंतीला चिकटवायचा. सकाळपर्यंत पाड्यापाड्यांत बातमी.

"हे बंद करा बाई," मी म्हणालो. "वेबसाइटवर टाकली की त्याच मिनिटाला सगळ्यांना दिसेल. नाव लागलेल्या मुलीनं दोन दिवसांत मूळ कागद घेऊन यायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. फोनवर कुणाला काही सांगायचं नाही, म्हणजे वशिल्याचा संशय नको."

बाईंना पटलं. कारकून निवृत्तीला आलेला माणूस. तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला.

"इंजिनियरसाहेब, तुमचा हा कॉम्प्युटर पंक्चर झाला तर स्टेपनी हाय का?"

"काका, तो पंक्चर होत नाही."

"आमचा कंडक्टर पण नव्हता होत. गाडी व्हायची, कंडक्टर चालत जायचा."

बाई हसल्या. मीही हसलो.

फुकट काम म्हणजे फुकट जागा शोधणं आलं. तारापूरच्या एका शेठची साइट मी सांभाळत होतो. रंगाची रसायनं बनवणारा कारखाना. त्याच्या नावावर होस्टिंगचा महिना पन्नास जीबीचा प्लॅन होता आणि त्यातले जेमतेम दहा खर्च व्हायचे. त्या मोकळ्या जागेत, शेठला न विचारता, मी शाळेची साइट ठेवली. कुणाचं काही जात नाही असा हिशेब केला. पत्ता वेगळा, पान वेगळं. बाहेरून कुणाला कळणंही शक्य नव्हतं.

पहिल्या चाचणीला मी यादी साधी टाइप करून टाकली होती. दोन पालक थेट शाळेत आले. "टायपिंग कोण पन करील. शिक्का कुठं हाय?" शिक्क्याशिवाय कागदावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही. कसा ठेवतील? शिक्का नाही म्हणून किती खिडक्यांवरून त्यांना परत पाठवलेलं असतं. मग मी सही-शिक्क्यासह तीन पानांचा रंगीत स्कॅन केला. निळा शिक्का आणि हिरवी सही ठसठशीत दिसावी म्हणून बारीकात बारीक दर्जाचा. ती फाइल चौदा एमबीची झाली.

गुणाकार केला. अर्ज केलेल्या मुली साठेक. प्रत्येकीनं दोनदा उघडली तरी दोन जीबीच्या आत. पन्नासातले चाळीस रिकामे. मी निर्धास्त झालो.

तीन गोष्टी मी धरल्या नाहीत. डोंगरात रेंज एखाद्या टेपाडावर येते आणि जाते. चौदा एमबीची फाइल नऊवर जाऊन तुटते, मग पुन्हा पहिल्यापासून. ते तुटलेले नऊही टँकरमधून गेलेलेच असतात. आणि तिथे यादी एक माणूस बघत नाही. बाप बघतो, मामा बघतो, पाड्यावरचा शिकलेला पोरगा बघतो. ज्याचं नाव नाही तोही शेजारणीचं आहे का ते बघतो. प्रत्येक जण स्वतः उघडून, स्वतः शिक्का पाहून.

तिसरी गोष्ट शेठची. त्याच महिन्यात तो कुठल्याशा प्रदर्शनाला गेला होता आणि मला म्हणाला होता, "आपला प्लांट वरून शूट केलाय, साइट उघडली की लगेच चालू झाला पाहिजे. माणूस बघतच राहिला पाहिजे." मी चाळीस एमबीचा व्हिडिओ पहिल्या पानावर लावला. माणसं खरंच बघत राहिली असणार.

शनिवारी मला होस्टिंगवाल्यांचा मेल आला: ऐंशी टक्के कोटा संपला. मी तो वाचला. वाचला नव्हता असं सांगायची मला खूप इच्छा असते, पण मी वाचला. प्लॅन वाढवणं दहा मिनिटांचं काम होतं. पण ओटीपी शेठच्या मोबाइलवर जाणार. तो विचारणार, एवढा डेटा कशात गेला? मग आकडे उघडून दाखवावे लागणार, आणि त्यात शाळेचं नाव दिसणार. महिना संपायला पाच दिवस होते; एक तारखेला कोटा आपोआप नवा मिळतो. निभेल, असं मी ठरवलं. शेठचा व्हिडिओ चार दिवस काढून ठेवला असता तरी निभलं असतं, पण तो रोज स्वतःची साइट उघडून बघायचा.

सोमवारी सकाळी यादी लागली. कागद घेऊन यायची मुदत बुधवारी पाचपर्यंत. सोमवारी संध्याकाळी टँकर संपले.

मंगळवारी दुपारी कारकुनाचा फोन आला.

"अहो, एका पोरीचा फोन आलाय. यादी उघडत नाय म्हणती."

मी माझ्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. समोर यादी आली, शिक्क्यासकट.

"काका, मला तर दिसतंय. चालू आहे. तिच्याकडे रेंज नसेल."

"नक्की?"

"समोर उघडी आहे माझ्या."

ती उघडी होती कारण सोमवारी सकाळी मीच ती पाहिली होती आणि माझ्या कॉम्प्युटरनं तिची प्रत जपून ठेवली होती. तो मला कालचीच यादी दाखवत होता. हे असं होतं हे मला माहीत होतं. नवीन पोरांना मी हेच शिकवतो की स्वतःच्या मशिनवर तपासू नका, दुसऱ्याच्या मोबाइलवरून उघडून बघा. माझा मोबाइल टेबलावर पडलेला होता.

कारकुनानं मुलीला सांगितलं, "साइट चालू हाय, तुमच्याकडं रेंज नाय. वर चढून बघा." नाव आहे का ते त्यानं सांगितलं नाही. फोनवर सांगायचं नाही हा माझाच नियम.

ती वर चढली. हे मला नंतर तिच्या बापाकडून कळलं. पाड्यामागच्या टेपाडावर नेहमीची जागा होती. तिथे रेंज असूनही पान उघडेना, म्हणून पावसात ती त्याच्या वरच्या माळावर गेली. मंगळवारी दोनदा, बुधवारी सकाळी एकदा. प्रत्येक वेळी इंग्रजीतली एक ओळ आणि खाली पांढरं. शेवटी बापानं ठरवलं, जाऊनच बघू. पण बुधवारी ओढ्याला पाणी होतं, गाडी पाड्यापर्यंत आलीच नाही. ती दोघं गुरुवारी पोचली.

त्या दिवशी मी शाळेत होतो. बुधवारी रात्री साइट बंद असल्याचं मला कळलं होतं आणि यादी दुसरीकडे हलवून मी सकाळी बाईंना 'थोडी अडचण आली होती' असं सांगायला गेलो होतो. लांबच्या बाकीच्या मुली या ना त्या नात्यागोत्यातून बातमी काढून पोचल्या होत्या. एकीचाच पत्ता नव्हता.

बाप दारातच थांबला. छत्री मिटून, चप्पल बाहेर काढून. मुलगी त्याच्या मागे. कागदांची प्लॅस्टिकची पिशवी तिनं ओढणीत गुंडाळून छातीशी धरली होती.

"साहेब, आमचा नाव हाय का नाय तेवडा सांगा. नसला तं आमी जातो, लावणीचा काम पडलाय."

कारकुनानं यादीवर बोट फिरवलं. नऊ नंबर. बोट तिथेच थांबलं. मुलगी पुढे आली आणि तिनं स्वतः वाचलं.

"हाय," ती बापाला म्हणाली. मग कारकुनाकडे वळून, "कागद आनलेत मी. समदे मूळ आनलेत."

"बाळा, काल पाचपर्यंत होती मुदत." कारकून म्हणाला. "आज सकाळी पुढची पोरगी आली. तिची सही झाली."

"पन मी फोन केलेला. तुमीच सांगितला, वर चढून बघ."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहत होतो.

प्राचार्यबाईंनी त्या दोघांना बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. त्या कठोर नव्हत्या. म्हणाल्या, "हे बघा सर, वरच्या कार्यालयाकडे एक ज्यादा जागा मागता येते. पण मुलीची चूक नव्हती, संस्थेच्या व्यवस्थेची होती, हे लेखी द्यावं लागेल. काय झालं, का झालं, कुणाकडून झालं. तुम्ही स्पष्ट लिहून द्या. मी तुम्हाला कोर्टात खेचणार नाहीये, घाबरू नका. मला फक्त त्या मुलीला बसवायचंय."

मी म्हणालो, लिहून देतो.

बोईसरला ऑफिसात येऊन लिहायला बसलो. पहिल्या कागदावर खरं लिहिलं. साइट मी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या प्लॅनमध्ये ठेवली होती. कोटा संपत आल्याचा इशारा मला दोन दिवस आधी मिळाला होता. मुलीची तक्रार आली तेव्हा मी नीट तपासलं नाही. तीन वाक्यं. वाचून पाहिली. हा कागद पालघरच्या कार्यालयातून फिरणार, कुणीतरी शेठला सांगणार; एमआयडीसीत एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. माझी अर्धी गिऱ्हाइकं त्याच्याच ओळखीनं आलेली. माझा मुलगा दहावीला होता. ही सगळी कारणं तेव्हा मला फार मोठी वाटली, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या कागदावर लिहिलं: 'आमच्या नियंत्रणाबाहेरील तांत्रिक कारणास्तव संकेतस्थळ काही काळ उपलब्ध नव्हते.' खाली सही केली आणि माझ्या ऑफिसचा शिक्का मारला.

बाईंनी तो वाचला. कागद उलटून मागेही पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच आहे बाई."

"नियंत्रणाबाहेर म्हणजे कुणाच्या?"

"सर्व्हर आपल्याकडे नसतो ना," मी म्हणालो. हे वाक्य मी असं म्हणालो की त्यांना पुढे काही विचारता आलं नाही.

त्यांनी तो कागद जोडून अर्ज पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: कारण मोघम आहे, विनंती मान्य करता येत नाही. कारकुनानं मला फोन करून ते वाचून दाखवलं आणि, "ठेवतो," म्हणून फोन ठेवला. एरवी तो 'जेवलात का' विचारल्याशिवाय ठेवत नसे.

पुढच्या वर्षी मी शाळेची साइट वेगळ्या प्लॅनवर नेली. यादी टाइप केलेली, फाइल इतकी हलकी की काठावरच्या रेंजवरही उघडते. शिक्का हवा असेल त्याला वेगळ्या दुव्यावर. मुक्कामी गाडीचं पाकीटही मी पुन्हा सुरू करायला लावलं, पहिल्या वर्षी डेपोत मी स्वतः नेऊन दिलं. शेठचं काम दोन वर्षांनी असंही गेलंच. त्याच्या भाच्यानं साइट बनवायला घेतली. शेठ मला फोनवर 'बुरा मत मानना' म्हणाला. ज्या कामासाठी मी त्या मुलीची जागा घालवली ते इतक्या सहज गेलं की दिवसभर मला ऑफिसात बसवेना. शटर ओढून मी पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. सुकत घातलेले बोंबील गोळा करायची बायकांची घाई चालली होती, त्यांतली एक ओरडली, "काका, बसल्यावानी बसलेत, तर कावले तरी हाकला!" मी उठून कावळे हाकलले. तेवढंच त्या दिवशी माझ्याकडून झालं.

गेल्या वर्षी, या सगळ्याला चार वर्षं होत आली तेव्हा, कारकून निवृत्त झाला. निरोपाच्या चहाला मी गेलो होतो. निघताना तो म्हणाला, "ती नऊ नंबरवाली एमआयडीसीत आहे. औषधाच्या पॅकिंगला. तिचा बाप भेटलेला डेपोत." त्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, मी कधी विचारलं नाही. त्यानं कारखान्याचं नाव सांगितलं आणि माझ्या हातात पेढा ठेवला.

दोन महिने मी त्या गेटवरून जाता-येता बघत होतो. एकदा दुपारी तीनच्या पाळीला थांबलो. बायका घोळक्यानं आल्या, डोक्यावर निळ्या टोप्या, मोबाइलवर बोलत, एकमेकींना चिडवत. "ए, तुजा मुकादम बघ आला!" असं कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं आणि सगळ्या हसल्या. ती मला ओळखू आली नाही. तिनंच मला ओळखलं.

"तुमी शाळेतले कॉम्प्युटरवाले ना?"

मी हो म्हणालो. बाजूला येशील का विचारलं. ती आली, एका मैत्रिणीला डबा धरायला देऊन. मी सगळं सांगितलं. शेठचा प्लॅन, शनिवारचा मेल, माझ्या कॉम्प्युटरवर दिसणारी जुनी यादी, ते दोन कागद. मधे तिनं एकदाच विचारलं, "म्हंजे मी फोन केला तवा साइट बंदच व्हती?"

"बंदच होती."

"आन् मी म्हनत व्हती, आपल्याच मोबाइलला कायतरी झालाय. बाप त्यावरनं मला किती बोलला. म्हनला, तुला धड बघता पन येत नाय." ती थोडी हसली. मग म्हणाली, "तो पयला कागद दिला असता तं जागा भेटली असती?"

"बहुतेक."

"बहुतेक का नक्की?"

 नक्की म्हणावं तर ते मला माहीत नव्हतं, आणि बहुतेक म्हणताना मी पुन्हा स्वतःसाठी थोडी जागा ठेवतोय असं वाटलं.

"तुला पुन्हा अर्ज भरायचा असेल तर मी येतो तुझ्याबरोबर," मी म्हणालो. "बाई अजून तिथेच आहेत. जे लिहून द्यायचं ते देतो."

"पोरगी हाय मला दीड वर्साची. आय बघती तिला." तिनं गेटकडे पाहिलं. बायका आत जायला लागल्या होत्या. "आता तिथं राहून शिकायचं म्हंजे तिला कुठं ठेवू?"

तिनं मैत्रिणीला थांबायची खूण केली.

"काका, एक विचारू? तुमी हे आज का सांगितला?"

मी म्हणालो, मनावर ओझं होतं.

"हां." तिनं टोपी नीट केली, केस आत खोचले. "तुमचा उतरला. आता मी आत जाऊन आठ तास हाच इचार करनार. कालपरेंत नव्हती करत. मला वाटायचा नशिबात नव्हता, आन् ते बरा व्हता."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. मैत्रिणीकडून डबा घेतला आणि गेटवरच्या हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. पहिल्यांदा लागला नाही. तिनं तो ओढणीला पुसला, पुन्हा ठेवला, आणि आत गेली.